मे महिन्याची सुट्टी आणि आगोटीची बेगमी : विजयदुर्ग परिसरातील कुटुंबाच्या जमाखर्चाचा एक विचार

कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा वर्षाच्या हिशेबाने केला जातो. वार्षिक प्राप्ती किती, वार्षिक खर्च किती, त्यांपैकी अन्नावर किती, वस्त्रावर किती, अशी विभागणी करून अभ्यासक निष्कर्षाकडे वळतो. ही पद्धती अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडलेल्या नियमापासून रूढ झाली. प्राप्ती वाढत जाते तसतसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटत जातो, हा तो नियम. भारतातील २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीतही ग्रामीण कुटुंबांचा सुमारे ४६ टक्के व नागरी कुटुंबांचा सुमारे ३९ टक्के खर्च अन्नावर झाल्याचे दिसून आले, आणि नियमाची दिशा पुन्हा एकदा खरी ठरली. तथापि ज्या कुटुंबाची मिळकत वर्षातील काही महिन्यांत येते आणि ज्याची निकड दुसऱ्याच महिन्यांत उभी राहते, त्याच्या अडचणीचे स्वरूप वार्षिक आकड्यातून उलगडत नाही. प्रस्तुत लेखात वर्षातील एकाच तुकड्याचा, म्हणजे मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असणाऱ्या शाळेच्या सुट्टीचा, विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर हा वाघोटन खाडीच्या मुखाजवळील देवगड तालुक्यातील टापू घेतला आहे. कारण मासळी, आंबा आणि मुंबईहून येणारा पैसा या किनाऱ्यावरील मिळकतीच्या तिन्ही वाटा येथे एकत्र आढळतात.

सुट्टीत घरखर्च वाढतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मुले घरी असतात, दुपारचे जेवण घरी होते, पाहुणे येतात. शहरातील पगारदार कुटुंबापुरते हे वर्णन पुरेसे आहे; तेथे प्राप्ती दरमहा सारखी असते आणि सुट्टीचा महिना तेवढा जड जातो. विजयदुर्गच्या बाजूस मात्र प्रश्न नेमका उलट बाजूने समजून घ्यावा लागतो. तेथे मे महिना हा टंचाईचा महिना नव्हेच. तो वर्षातील समृद्धीचा, निदान हातात रोकड खेळण्याचा, महिना होय. हापूसचा हंगाम ऐन भरात असतो. काजू संपत आलेला पण विकला जात असतो. नौका समुद्रात असतात. मुंबईकर मंडळी गावी आलेली असतात. आणि ही सर्व मिळकत जवळजवळ एकाच वेळी बंद पडते. यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. (पश्चिम किनाऱ्यावर ही एकसारखी मुदत २०१५ पासून लागू झाली, तत्पूर्वी महाराष्ट्रात ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत असे.) आंबा पहिल्या पावसाबरोबर संपतो. पाहुणे मृगाच्या आत परततात. येथील सुट्टी म्हणजे मिळकतीच्या हंगामाचे शेवटचे सहा आठवडे, आणि त्या सहा आठवड्यांत केलेला प्रत्येक खर्च हा पुढील तीन महिन्यांच्या पोटातून केलेला असतो. काटकसरीचा प्रश्न येथे उद्भवतो तो असा.

या पुढील काळास किनाऱ्यावर ‘आगोट’ म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. आणि आगोट भरणे म्हणजे त्या काळासाठी घरात साठा करून ठेवणे. हा शब्द नागरी वाचकांच्या कानावरून हळूहळू दूर जात असला, तरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो टिपून ठेवण्याजोगा आहे. कारण बचत, गुंतवणूक आणि उपभोग या तीन संज्ञांत जे आपण वेगळे करतो ते या एका शब्दात एकवटलेले आहे.

आगोटीत काय भरले जाते? तांदूळ, विशेषतः उकडा, कुळीथ आणि त्याचे पीठ, वर्षाचा मसाला, मीठ, सरपण व शेणी, सुकी मासळी, कोकमाची सोले व आगळ, आंब्याची साठे, फणसाचे मिठात घातलेले गरे, मातीत पुरून ठेवलेल्या आठळ्या, पापड व सांडगी मिरची. या यादीकडे स्वयंपाकघराची यादी म्हणून पाहिल्यास ती रुचकर वाटेल. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यातील जिनसांचे दोन सरळ वर्ग पडतात. तांदूळ, मिरची, मीठ ही रोख पैशाने विकत घ्यावी लागतात किंवा घरच्या शेतातून आलेली असतात. सोले, साठे, गरे, सुकी मासळी यांना रोकड थोडी लागते, पण उन्ह आणि मनुष्यबळ फार लागते. रातांबे गोळा करावयाचे, फोडावयाचे, साली रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवावयाच्या. आंब्याचा रस ताटांवर ओतून थरावर थर देत सुकवावयाचा. जवळा, बांगडा, बोंबील खळ्यात पसरून कावळ्यांपासून राखावयाचे. ही कामे एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हातच होऊ शकतात. एखाद्या वर्षी वळवाचा पाऊस लवकर व वारंवार आला, तर सोले बुरसतात, साठे चिकट राहतात, मासळीस वास येतो. आणि जे घरात फुकट तयार झाले असते ते जुलैमध्ये दुकानातून चढ्या भावाने आणावे लागते. पावसाचे दहा दिवस पुढे-मागे होण्याने भाताच्या पिकावर काय परिणाम होतो याची चर्चा पुष्कळ होते. आगोटीच्या साठ्यावर काय परिणाम होतो याची सहसा होत नाही, कारण तो कोणत्याच खात्याच्या पीकपाहणीत बसत नाही.

शाळेच्या सुट्टीचा संबंध नेमका येथे येतो. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह याने १९२५ साली शेतकरी कुटुंबाविषयी जो विचार मांडला, त्याचा गाभा असा की, अशा कुटुंबात खाणारी तोंडे आणि काम करणारे हात यांचे परस्परांशी असलेले प्रमाणच त्याचे श्रम किती व उपभोग किती हे ठरविते. चायानोव्हने हे प्रमाण कुटुंबाच्या आयुष्यक्रमात, म्हणजे मुले लहान असताना व ती वाढल्यावर, कसे बदलते ते पाहिले. विजयदुर्गच्या बाजूस ते वर्षाच्या आतच बदलते. मेमध्ये खाणारी तोंडे वाढतात, तसे हातही वाढतात. दहा-बारा वर्षांची मुले रातांबे व काजू वेचतात, करवंदे आणतात, वाळवण राखतात, धाकट्यांना सांभाळून आईस मोकळी करतात. पाहुण्या आलेल्या जावा-नणंदा पापडाला बसतात. त्यामुळे ‘सुट्टीत मुलांचा खर्च किती वाढला’ एवढेच विचारणारा अभ्यासक अर्धाच हिशेब मांडतो. हे श्रम शिक्षणाच्या आड येत नाहीत, कारण शाळाच बंद असते. मात्र मोठ्या मुलास आंब्याच्या बागेत मजुरीस लावणे ही गोष्ट वेगळी, आणि ती वाळवण राखण्याच्या पंक्तीस बसविता कामा नये.

आता तोंडांच्या बाजूचा हिशेब. शाळेतील माध्यान्ह भोजनाची योजना केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. तिच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य मिळते. सुट्टीत हे भोजन बंद असते. २००४ साली न्यायालयाने उन्हाळी सुट्टीतही ते देण्याचा आदेश दिला तो दुष्काळग्रस्त भागांपुरता होता, आणि भरपूर पावसाच्या कोकणास त्याचा उपयोग बहुधा होत नाही. एका घरात एक मूल प्राथमिक वर्गात व एक उच्च प्राथमिक वर्गात आहे असे धरू. दोघांचे मिळून रोज २५० ग्रॅम. सहा आठवडे, आठवड्यास सहा दिवस, म्हणजे ३६ दिवस. एकूण ९ किलो तांदूळ. डाळ, तेल, भाजी वेगळीच.

नऊ किलो म्हणजे किती? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्यास ५ किलो धान्य मिळते (जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे). पाच माणसांच्या घरास २५ किलो. त्या मानाने सहा आठवड्यांतील नऊ किलो ही लहान रक्कम नव्हे. ज्या घराचे नाव प्राधान्य यादीत नाही त्यास तर ती पूर्णपणे बाजारभावाने भरून काढावी लागते. पण याच घरी मुंबईहून चार मोठी माणसे व दोन मुले पंधरा दिवसांसाठी आली, आणि मोठ्या माणसास दिवसास ३०० ग्रॅम व मुलास २०० ग्रॅम तांदूळ धरला, तर दिवसाचा १ किलो ६०० ग्रॅम व पंधरा दिवसांचा २४ किलो होतो. म्हणजे शाळेच्या भोजनामुळे पडणाऱ्या खड्ड्याच्या अडीचपटीहून अधिक, आणि जवळजवळ एका महिन्याच्या शिध्याइतका. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण मोठा प्रश्न कोठे आहे ते त्यांवरून कळून येईल.

तेव्हा चाकरमान्यांचे येणे हा भार समजावा काय? या प्रश्नाचे घाईने उत्तर देणे इष्ट नाही. रत्नागिरी जिल्हा, ज्यातून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, एके काळी ‘मनीऑर्डरवर जगणारा’ म्हणून ओळखला जाई. मुंबईच्या गिरण्यांतील, गोदीतील व घरकामातील माणसाने पाठविलेल्या पैशावर गावचे घर उभे राही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाल्यानंतर ही आवक कित्येक घरांत तुटली. नोकरदार मंडळी स्वतःच गावी येऊन राहिली आणि भार व आधार यांची अदलाबदल झाली. आता पैसा पोस्टमनच्या हातून न येता बँकेच्या खात्यावर येतो, इतकाच फरक. परंतु मे महिन्यातील भेट ही त्या पैशाच्या व्यवहाराची वार्षिक तपासणी असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. घराची कौले, विहिरीचा पंप, म्हातारीचा दवाखाना, सामायिक कलमांचा वाटा, या साऱ्या गोष्टी पडवीत बसून ठरतात त्या याच पंधरा दिवसांत.

या भेटीची मुदतही पूर्वीपासून पावसानेच बांधून दिलेली आहे. आगबोटींच्या काळात विजयदुर्ग हे मुंबईहून येणाऱ्या बोटीचे बंदर होते, आणि पावसाळ्यात बोटी बंद पडत. शेवटची बोट चुकली तर घाटरस्त्याने लांबचा प्रवास करावा लागे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, रस्ते सुधारले, बोटींचे नाव मागे पडले. तरी मृगाच्या आत परतण्याची रीत राहिली, कारण आता शाळा उघडण्याची तारीख तेच काम करते.

पाहुणे येताना साखर, चहा, साबण, कपडे, औषधे घेऊन येतात. जाताना पेटीभर आंबे, सोले, कुळथाचे पीठ, सुकी मासळी, पापड असे गाठोडे घेऊन जातात. आणि निघताना घरातील मुलांच्या हातावर काही नोटा ठेवतात. मार्सेल मॉसने १९२५ साली देणगीविषयी लिहिताना दाखविले की, देणे, घेणे व परत करणे ही तिन्ही बंधने एकत्रच असतात. येथे त्यास एक अधिक पदर आहे. देवाणघेवाणीच्या दोन बाजू वेगवेगळ्या चलनांत आहेत. गावचे घर आगोटीच्या साठ्यातून, म्हणजे श्रम व उन्ह यांच्या रूपात, देते. शहरचे घर रोकडीच्या किंवा विकतच्या वस्तूंच्या रूपात देते. ज्या घरात हात पुष्कळ आणि रोकड थोडी आहे त्यास हा विनिमय किफायतशीर पडतो. जेथे एकटी बाई व दोन लहान मुले आहेत, तेथे पाच किलो सोले देणे जड जाते, आणि तरीही ती दिली जातात. कारण न देण्याची किंमत पुढील वर्षभर मोजावी लागते.

मुलांच्या हातावरील नोटांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या ‘खाऊला’ म्हणून दिल्या जातात. देणाऱ्यासही ठाऊक असते आणि घेणाऱ्या आईसही, की त्यातून जूनमध्ये वह्या, छत्री व दप्तर यायचे आहे. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारी योजनेतून मिळतात; नववीपासूनचा खर्च मात्र घराचा, आणि वह्या, छत्री, रेनकोट, बसचे भाडे हे तर सर्वच वर्गांना. त्याच आठवड्यात भाताचे बी, खत व नांगरणीचा खर्च उभा असतो. थेट आईच्या हाती पैसे दिले असते तर त्यांवर आधी दुकानदाराच्या वहीचा हक्क लागला असता. मुलाच्या हाती दिल्यामुळे ते त्या वहीपासून वाचतात. पैशावर नाव घालून तो वेगळा ठेवण्याच्या या प्रवृत्तीचा अभ्यास व्हिव्हियाना झेलिझर यांनी १९९४ च्या ग्रंथात अमेरिकन कुटुंबांविषयी केला आहे. आपल्याकडील डब्यांच्या, पुरचुंड्यांच्या आणि ‘खाऊच्या’ पैशांचा तसा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आंब्याच्या पैशाचा प्रकार याहून निराळा. बाहेरच्या माणसास वाटते की देवगड तालुक्यातील प्रत्येक घरी मे महिन्यात हापूसचा पैसा वाहत असेल. वस्तुतः ज्यांची बाग आहे त्यांस वाशीच्या बाजारातील हिशेब पुष्कळदा हंगाम संपल्यावर मिळतो, व त्यातून आगाऊ घेतलेली उचल वजा होते. ज्यांनी कलमे कराराने दिली आहेत त्यांचे पैसे आधीच येऊन खर्चही झालेले असतात. आणि ज्यांना बाग नाही त्यांस तोडणीची, पेट्या भरण्याची मजुरी तेवढी मिळते. ही मजुरी रोख व आठवड्याची असल्याने आगोटीच्या खरेदीस तीच अधिक उपयोगी पडते. हंगामाच्या अखेरीस लहान व डागी फळ किलोच्या भावाने कॅनिंगला जाते. भाव फारच पडला तर ते घरी ठेवून त्याचा रस आटविणे किंवा साठे घालणे फायद्याचे ठरते. पाहुण्यांच्या पानात पडतो तो बहुधा डागी हापूस किंवा रायवळ; त्यामुळे आंबा खाऊ घालण्याचा खर्च बाजारातील पेटीच्या भावाने मोजणे ही ढोबळ चूक होय.

गाबीत कुटुंबांत बंदीच्या आधीचे दोन आठवडे निर्णायक असतात. नौकेवरील उत्पन्नाचे वाटे होतात, खलाशाची आगाऊ उचल फिटते किंवा राहते, नौका किनाऱ्यावर ओढून शाकारली जाते. शेवटच्या मासळीपैकी किती ताजी विकावयाची आणि किती सुकवावयाची, हा निर्णय बहुधा घरातील बाई घेते. ताजी विकल्यास आज रोकड मिळते. सुकविल्यास जुलैत घरी कालवण होते व उरलेली चढ्या भावाने विकता येते. जिच्याकडे मेच्या अखेरीस पाहुणे आहेत आणि हाती पैसा नाही, तिला ताजी विकावीच लागते. सुकविण्याचा फायदा तिला ठाऊक नसतो असे नाही. तो फायदा घेण्यास लागणारी दोन महिन्यांची सवड तिच्यापाशी नसते.

येथवरच्या विवेचनाचा पाहणीच्या तंत्राशी काय संबंध, तो एका कल्पित उदाहरणाने दाखवू. समजा, एका घरी एप्रिल व मे मिळून ३६,००० रुपये येतात आणि जून, जुलै, ऑगस्ट मिळून ९,०००. पाच महिन्यांचे ४५,०००, सरासरी दरमहा ९,०००. घराची खरी गरजही दरमहा ९,०००. गृहिणी एप्रिलमध्ये ९,००० व मेमध्ये १५,००० खर्च करते. मेमधील अधिकचे ६,००० तांदूळ, मिरची, मीठ, सरपण यांत गेलेले आहेत. शिल्लक १२,००० व पुढील प्राप्ती ९,००० मिळून २१,००० होतात. आणि पुढील तीन महिन्यांची २७,००० ची गरज, साठ्यातील ६,००० वजा जाता, नेमकी २१,००० च उरते. हिशेब जुळतो. पण मेमध्ये ‘गेल्या तीस दिवसांत काय विकत घेतले’ असे विचारणाऱ्यास हे घर उधळे दिसेल आणि जुलैत विचारणाऱ्यास अर्धपोटी. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. राष्ट्रीय नमुना पाहणीची मांडणी अधिक काळजीची आहे: ती घरगुती अन्नाच्या बाबतीत खरेदी न विचारता उपभोग विचारते, शाळेत मिळालेल्या मोफत जेवणांची संख्या नोंदविते, आणि पाहुण्यांस वाढलेल्या जेवणांचीही. परंतु तिच्या वर्षाचे परंपरेने जे चार भाग पडत आले त्यांपैकी एक एप्रिल ते जून असा आहे. मेची सुबत्ता आणि जूनची ओढ, म्हणजे आपल्या टापूतील सर्वांत उच्च व सर्वांत तंग असे दोन बिंदू, त्या एकाच भागात मिसळून जातात आणि सरासरी अगदी सपाट निघते. ऋतुमान व ग्रामीण दारिद्र्य यांचा संबंध रॉबर्ट चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ठळकपणे पुढे आणला, तरी तिमाहीच्या आतील चढउतार मोजण्याची सोय आजही अपुरी आहे. त्यास उपाय म्हणजे थोड्या घरांत वर्षभर पंधरवड्यागणिक जाऊन नोंद ठेवणे. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या २००९ च्या ग्रंथातील अभ्यास तसाच झाला, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले ते काम आहे.

असे काम हाती घेणाऱ्याने मेच्या मध्यास नव्हे, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडण्यापूर्वी चार दिवस, पहिली भेट द्यावी. त्या वेळी घरात किती किलो तांदूळ, किती सोले, किती सुकी मासळी आहे हे प्रत्यक्ष पाहावे. दुकानदाराच्या वहीत किती बाकी आहे ते विचारावे. बचत गटाचा हप्ता कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे आणि एखादा दागिना तारण आहे काय, हेही, विश्वास बसल्यावर, विचारावे. नंतरच्या भेटी श्रावणात होतील. त्या महिन्यात उपवास पुष्कळ आणि मासळी वर्ज्य; हा योगायोग धर्माचा की कणगीचा, यावर वाद घालणारे घालोत. बरण्यांचा तळ दिसू लागतो तो याच सुमारास. नारळी पौर्णिमेनंतर मासळी पुन्हा येऊ लागते, आणि भाद्रपदात गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वहीवरची बाकी प्रथम फिटते. काही घरांत ती त्या वेळीही पूर्ण फिटत नाही आणि मागील आगोटीचे देणे घेऊनच पुढचा मे उजाडतो. अशी घरे कोणती, हे शोधावयाचे असेल तर वहीची पाने मागे उलटीत जाऊन त्यांच्या मागील मे महिन्यात पाहुणे किती दिवस होते, बोट किनाऱ्यास कधी लागली आणि वळवाचा पाऊस किती वेळा आला, या तीन गोष्टी आधी टिपून घ्याव्यात.